अटकेपर्यंत रंगवलेला नकाशा

साताऱ्यातल्या एका इतिहास प्रदर्शनाचे फलक छपाईआधी आमच्याकडे तपासायला आले. विषय मोठा, जगातल्या साम्राज्यांच्या विस्ताराची तुलना. मराठ्यांच्या फलकावर तंजावरपासून अटकेपर्यंत एकच भगवा रंग, वर्ष १७६०, क्षेत्रफळ ३० लाख चौरस किलोमीटर. आकडा लगेच खटकला. त्या काळच्या मराठी सत्तेसाठी साधारण २५ लाख धरतात.

वरचे पाच लाख कुठून आले ते फाइल उघडल्यावर कळलं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा वेब मर्केटरवर (गोल पृथ्वी सपाट दाखवायची एक पद्धत, म्हणजे प्रक्षेपण) होता आणि मोजणीसाठी एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा किंचित चपटा गोल आकार, निवडलेलाच नव्हता. मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून लांब जावं तसं क्षेत्र फुगत जातं: साताऱ्याजवळ सुमारे १० टक्के, दिल्लीला ३०, अटकेला ४५. साठाव्या अक्षांशावर तर चौपट, म्हणून रशिया नकाशात प्रत्यक्षाहून कितीतरी अवाढव्य दिसतो. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये डब्ल्यूजीएस ८४ हा नेहमीच्या वापरातला एलिप्सॉइड लावून मोजलं, की ही फूग जाते. समक्षेत्र प्रक्षेपणात, म्हणजे ज्यात क्षेत्रफळ बिघडत नाही अशात, मोजलं तरी चालतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो रंग. अटक १७५८ ला घेतलं आणि पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. मग १७६० च्या नकाशात अटक भगवं कसं? दुसरं असं, की मुघल बादशहाकडून मिळालेल्या १७१९ च्या सनदांमध्ये स्वराज्य वेगळं आणि दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी वेगळी. चौथाईच्या मुलखात वसुलाचा हिस्सा आपला, कारभार दुसऱ्याचा. म्हणून स्वराज्य गडद, सरदारांच्या ताब्यातला प्रदेश फिका आणि चौथाईचा मुलूख फक्त तिरक्या रेघांनी दाखवला. साताऱ्याच्या गादीचा हा इतिहास आहे. इथे तरी तो नेमका दिसायला हवा.

तुलनेच्या फलकावर वर्तुळं होती. मुघल (१७०० च्या सुमारास) ४० लाख, ब्रिटिश (१९२०) ३.५५ कोटी, म्हणजे जवळपास नऊपट. पण नऊपट केला होता व्यास, त्यामुळे वर्तुळ ऐंशीपटीच्या घरात गेलं. आम्ही चौरस घेतले: क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून १ सेंटीमीटरला ४० किलोमीटर. ब्रिटिशांची बाजू १४९ सेंटीमीटर, मंगोलांची १२२, मुघलांची ५०, मराठ्यांची साडेएकोणचाळीस. आजचा महाराष्ट्र १४ आणि सातारा जिल्हा जेमतेम अडीच. पोरांना हा अडीचचा चौरस आधी दाखवावा, मग बाकीचे आपोआप कळतात.

मंगोलांचं शीर्षकही बदललं. २.४ कोटींचा आकडा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि १२५९ मध्ये मोंगके खान वारल्यावर राज्य चार खानतींत, म्हणजे वेगवेगळ्या खानांच्या राज्यांत, फुटत गेलं होतं. तो विस्तार चंगेजखानाच्या घराण्याचा, एका दरबाराचा नव्हे. फलकावर आता 'घराणं' असं छापलंय आणि प्रत्येक आकड्याखाली त्याचं वर्ष.