रॉल्स शिकवताना वर्ग पेटला तो दिवस

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि खरं सांगायचं तर जॉन रॉल्स, म्हणजे न्याय्य समाज कसा असावा यावर लिहिणारा अमेरिकन तत्त्वज्ञ, हा टॉपिक आला की पोरांचे चेहरेच पडतात. अज्ञानाचा पडदा, भेदतत्त्व (विषमता चालेल, पण तिचा फायदा सगळ्यात तळाच्या लोकांना व्हायला हवा), लिहून घ्या, परीक्षेत येतं, संपलं. त्या दिवशी मात्र नोट्स बाजूला ठेवल्या आणि आधी माणूसच सांगितला. १९२८ ला सात वर्षांच्या जॉनला घटसर्प झाला, त्याच्यापासून धाकट्या भावाला लागण झाली, जॉन वाचला भाऊ गेला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, यावेळी न्यूमोनिया, दुसरा धाकटा भाऊ गेला. आता हाच माणूस पुढे १९७१ च्या पुस्तकात म्हणतो की कोण कुठल्या घरात, कुठली बुद्धी घेऊन जन्माला येतो यात कोणाचीच कमाई नसते, त्यामुळे समाजाचे नियम ठरवताना आपण कोण हे आपल्याला माहीतच नाही असं समजून ठरवा. हाच तो अज्ञानाचा पडदा.

तर आमची टॉपर उठली. मॅडम, मी रात्र रात्र जागून मार्क मिळवलेत, ते पण नशीब का? मी म्हटलं, मेहनत करायची वृत्तीसुद्धा बरीचशी घर आणि परिस्थितीतून येते असं रॉल्स म्हणतो. मागच्या बाकावरून एकजण, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला "जागायला तुला वेगळी खोली होती ना?" झालं, वर्ग दोन भागात, सगळे एकदम बोलायला लागले.

मग मी व्हिएतनामचं काढलं. तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना सैन्यभरतीतून सूट होती आणि हार्वर्डमध्ये शिकवणारा रॉल्स म्हणत होता की ही सूट अन्यायाची आहे, सक्तीची भरती करायचीच तर सोडत काढा. म्हणजे स्वतःच्याच विद्यार्थ्यांची सूट काढा म्हणणारा प्राध्यापक! (स्वतः दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढलेला, त्यामुळे फुकटचं बोलणं नव्हतं.) इथे टॉपरच्या बाजूचेही दोघंतिघं जरा डळमळले.

ती नाही डळमळली आणि मला ते आवडलं. तिचं म्हणणं, कौशल्य नशिबाने मिळालं असेल तरी ते माझं आहे, सरकारचं कसं झालं? मी म्हटलं अगं, नेमकं हेच रॉल्सच्याच डिपार्टमेंटमधल्या रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये लिहिलंय, आणि तरी त्याच पुस्तकात रॉल्सचं भरभरून कौतुकही केलंय. तास संपल्यावर ती रॉल्स नाही, नोझिक मागून घेऊन गेली.