हरणाला कुठली गोळी, एल्कला कुठली

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, लायसन्स काढलंय आणि ज्यांच्याकडे .३०८ किंवा ६.५ क्रीडमोर या मापाची (कॅलिबरची) रायफल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाची शिकार बंदच आहे, तेव्हा हे सगळं तिकडचं समजा.) दुकानात एकट्या .३०८ची डझनभर प्रकारची काडतुसं मांडलेली असतात, किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असतो, आणि नवखा माणूस शेवटी ज्या खोक्यावर शिंगांचं चित्र मोठं तोच उचलतो.

कॅलिबरवर तासन्‌तास भांडणारे लोक गोळीच्या बांधणीवर दोन मिनिटं बोलत नाहीत. जनावर जागेवर पडणार की जखमी होऊन रानात हरवणार हे ठरवतात दोन गोष्टी: गोळी बांधलीय कशी, आणि ती आदळतेय किती वेगाने. दुसरी गोष्ट तर खोक्यावरच छापलेली असते, पण वाचतो कोण!

गोळीने करायचं एवढंच: छातीत शिरल्यावर उमलून साधारण दुप्पट जाडीचं व्हायचं, दोन्ही फुप्फुसं पार करायची आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडायचं. बाहेर पडलेल्या भोकातूनच रक्ताचा माग चांगला मिळतो. हे दोन प्रकारे फसतं. वेग जास्त आणि गोळी मऊ असली तर ती फऱ्याच्या हाडावरच फुटते. वरवर भयंकर दिसणारी जखम होते, पण आतलं फुप्फुस शाबूत राहतं आणि जनावर पळतं. उलट वेग कमी आणि गोळी कडक असली तर ती उमलतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते, आणि माग काढायला धड रक्तही सांडत नाही.

साधी सॉफ्ट पॉइंट म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात शिशाचा गाभा, टोकाला शिसं उघडं. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९पासून बाजारात आहे आणि व्हाइटटेल हरणाला आजही पुरून उरते. माझ्या मते १५०-२०० यार्डांच्या आत हरणं मारणाऱ्याने यापेक्षा महाग काही घेऊ नये. प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या हवा चांगली कापतात, पण त्यातल्या पुष्कळशा फार लवकर उमलतात. जवळून खांद्यावर बसल्या की निम्मं मांस वाया.

एल्क म्हणजे अमेरिकेतलं थोराड जातीचं हरीण, त्याचं प्रकरण वेगळं. नर एल्क ३०० किलोच्या आसपास भरतो, फऱ्याचं हाड जाड, छाती रुंद. इथे गोळी एकसंध राहायला हवी. यावरचा पहिला चांगला तोडगा जॉन नॉस्लरने काढला. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसवर (एल्कहूनही मोठ्या हरणावर) त्याच्या गोळ्या फुटल्या, म्हणून त्याने कवचाच्या मधोमध तांब्याचीच आडवी भिंत ठेवली. गोळी उभी कापून पाहिली तर इंग्रजी एच अक्षर दिसतं. पुढचा भाग उमलून झडतो, मागचा भाग भिंतीमुळे तसाच पुढे घुसत राहतो. साठ-सत्तर टक्के वजन टिकतं. ही पार्टिशन. बाँडेड गोळीत कवच आणि शिसं एकमेकांना जोडूनच टाकलेले असतात, त्यामुळे ती त्याहून थोडी जास्तच टिकते.

आणि तिसरी, निव्वळ तांब्याची. टोकाला पोकळी असते, आदळल्यावर चार-सहा पाकळ्या मागे वळतात आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वजन राहतं. वजन झडत नसल्यामुळे एक पायरी हलकी घेतली तरी चालते: शिशाची १८० ग्रेन जे काम करते ते तांब्याची १५० ग्रेन करते. (७००० ग्रेनचा एक पौंड, १५० ग्रेन म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम.) पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. जुन्या १:१२ ट्विस्टच्या (बारा इंचांत एक पीळ) .३०८मध्ये जड तांब्याची गोळी डगमगू शकते. कंपनी किमान ट्विस्ट देते, तो बघून घ्या. कागदावर भोक गोल न पडता लांबट पडलं तर ती गोळी तुमच्या रायफलीसाठी नाही, विषय संपला. कॅलिफोर्नियात तर पर्यायच नाही, १ जुलै २०१९पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. शिसं वापरत असाल तर जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाका. शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा बरेच लांब गेलेले असतात.

आता वेग. साधी सॉफ्ट पॉइंट उमलायला सुमारे १८०० फूट प्रति सेकंद लागतात, तांब्याची बहुतेकदा २०००. .३०८च्या १५० ग्रेन कोअर-लोक्टचा छापील तक्ता घ्या: नळीपाशी २८२०, १०० यार्डांवर साधारण २५३०, २०० वर २२६०, ३०० वर २०१०, ४०० वर १७७५. म्हणजे ४०० यार्डांवर ही गोळी उमलेल याची खात्री नाही, नेम कितीही बिनचूक असो. त्यात हा तक्ता २४ इंची नळीचा. तुमची नळी २० इंची असेल तर इंचामागे २०-२५ फूट वजा करा, म्हणजे शंभरेक गेले. तेव्हा या गोळीची हद्द ३५० यार्डांच्या आसपास आली. प्रत्येक खोक्यासाठी हा हिशेब करून आकडा रायफलीच्या दस्त्यावर चिकटवून ठेवा.

.२४३ वाल्यांनी ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या हरणावर वापरूच नयेत. त्या कायोटीसारख्या लहान जनावरांसाठी आहेत आणि कातड्याखालीच फुटतात. ९५-१०० ग्रेन घ्या. .३०-३०च्या गोळ्या कमी वेगालाच उमलतील अशा मऊ असतात, पण या रायफलींच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या स्फोटक टोपीवर) टेकते आणि ते उडू शकतं, म्हणून चपटं, गोल किंवा लवचिक टोकच हवं. ६.५ क्रीडमोरमध्ये १४० ग्रेनच्या आसपासची लांब गोळी खोल घुसते; हरणाला उत्तम. एल्कला मी म्हणेन ३०० यार्डांच्या आत, आणि तीही बाँडेड किंवा तांब्याची. .३०८ मधून एल्क असेल तर १६५ ते १८० ग्रेन, पार्टिशन किंवा बाँडेड.

मॅच गोळ्या, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, कागदासाठी, जनावरासाठी नाहीत. फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत कवच असलेली, न उमलणारी गोळी, तर मोठ्या जनावराला बहुतेक राज्यांत बेकायदाच. कोलोरॅडोत गोळी उमलणारी, किमान .२४ कॅलिबरची, हरणाला ७० आणि एल्कला ८५ ग्रेनची असावी लागते, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. तो किमान नियम आहे, शिफारस नव्हे.

निवड दोन-तीन खोक्यांवर आणून ठेवा आणि रेंजवर जा. १०० यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, तीन-तीन गोळ्या, मध्ये नळी थंड होऊ द्या. दीड इंचात गट बसला तर शिकारीला भरपूर. गोळी बदलली की मारा दोन-तीन इंच सहज सरकतो, म्हणून ‘दोन्ही १५० ग्रेनच्याच आहेत’ म्हणून परत झीरो न करता (दुर्बीण त्या गोळीला जुळवून न घेता) जंगलात जाऊ नका. शिशावरून तांब्यावर जाताना आधी नळी नीट साफ करा, नाहीतर गट उगाच पसरतो आणि दोष गोळीला जातो. जी जमली तिचे त्याच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) चार खोके घेऊन टाका.

एच-वन-बी वाल्यांसाठी: नॉन-इमिग्रंट व्हिसावर रायफल किंवा नुसती काडतुसं बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, त्यातून सूट मिळते ती वैध हंटिंग लायसन्समुळे. ते मुदतीत ठेवा. आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना सामानाला वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.