नाव उत्तरेचे, सूर दक्षिणेचा

रात्रीची जेवणे उरकली की मी गिटार मांडीवर घेतो आणि स्पॅनिश संगीतकार इसाक अल्बेनिझच्या ‘आस्तुरियास’ या रचनेच्या पहिल्याच पानावर अडखळतो. उजव्या हाताच्या अंगठ्याने खर्जाच्या जाड तारांवर धून वाजवायची आणि तिच्या प्रत्येक दोन स्वरांच्या मध्ये बोटाने दुसरी तार मोकळीच छेडत राहायची, एवढेच त्या पानावर आहे. सतारीच्या ‘झाला’ या द्रुत भागात चिकारीची मोकळी तार जे काम करते तेच इथे ही तार करते. फक्त आपल्याकडे झाला शेवटी येतो आणि इथे पहिल्या क्षणापासून सुरू होतो. माझ्या वाजवण्यात ती तार अंगठ्यापेक्षा मोठ्याने बोलते, त्यामुळे घरच्यांनी दीड वर्षात धून अशी ऐकलेलीच नाही.

गंमत म्हणजे गिटारच्या अंगाशी इतकी एकजीव झालेली ही रचना मुळात पियानोसाठी लिहिलेली आहे. अल्बेनिझ (1860–1909) स्वतः नावाजलेला पियानोवादक होता. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या फ्लामेंको या लोकसंगीताच्या गिटारवादकाचा अंगठा पियानोच्या पट्ट्यांवर उमटवण्याचा त्याने प्रयत्न केला आणि 1892 च्या सुमारास ती रचना बार्सिलोनात केवळ ‘प्रेल्यूद’ (प्रास्ताविक रचना) म्हणून छापली गेली. पुढे गिटारवाल्यांनी ती जी मायनर पट्टीतून ई मायनर पट्टीत आणली आणि तो सतत वाजणारा स्वर नेमका मोकळ्या तारेवर येऊन बसला. नक्कल अस्सलाच्या घरी राहायला गेली आणि तिथलीच होऊन गेली, असा हा प्रकार आहे.

नावाची कथा याहून गमतीची आहे. अल्बेनिझच्या मृत्यूनंतर, 1911 मध्ये, एका जर्मन प्रकाशकाने त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘स्पॅनिश स्वीट’ या रचनामालेतल्या रिकाम्या जागा भरताना ही रचना तिथे बसवली आणि तिला ‘आस्तुरियास’ हे नाव दिले. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा पावसाळी, हिरवागार मुलूख. तिथल्या लोकसंगीतात मान आहे तो गाइता नावाच्या पिशवीच्या वाद्याला. या रचनेत मात्र सारा दक्षिणेचा बाज आहे. कोळीगीताला ‘विदर्भ’ असे नाव देऊन मोकळे व्हावे, तसेच हे झाले.

दक्षिणेची खूण स्वरांतच सापडते. फ्लामेंकोला जवळची असलेली फ्रिजियन स्वरावली म्हणजे रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल असलेला आपला भैरवी थाट. राग म्हणून भैरवीचे चलन अर्थातच निराळे, तरीही कोमल रिषभावरून षड्जावर उतरतानाची ती हुरहूर माझ्या कानाला परकी वाटत नाही. मधल्या संथ भागात तर सगळी धावपळ थांबते. एखाद्या गायकाने साथीविना दोन ओळी म्हणाव्यात तशी एकेरी धून येते, थबकते, तिला हलक्या कॉर्डचे उत्तर मिळते आणि ती पुन्हा निघते. पियानोवर दोन्ही हात हीच धून दोन सप्तकांच्या अंतराने वाजवतात, त्यामुळे गाणाऱ्यामागे त्याचीच सावली गात असल्याचा भास होतो.

हा भाग मला बरा जमतो, कारण त्यात अंगठ्याला उसंत असते. तो संपला की पहिला भाग पुन्हा वाजवायचा असतो, त्याच वेगाने, आणि दुसरी तार पुन्हा मोठ्याने बोलू लागते.