सायकल टाईम कुणाला दाखवायचा?

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, आणि आम्हा ऑटोमेशनवाल्यांचा तोच खरा कामाचा वार, कारण मशीन चालू असताना पॅनेलला कुणी हात लावू देत नाही. मी एका छोट्या सिस्टीम इंटिग्रेटरकडे आहे. जुन्या-नव्या मशीनवरनं डेटा उचलायचा, एका जागी आणायचा आणि मालकाला मोबाईलवर दिसेल असा मांडायचा, एवढंच आमचं काम. ब्रोशरमध्ये त्याला इंडस्ट्रियल इंटरनेट, इंडस्ट्री ४.० वगैरे छापतो, प्रत्यक्षात अर्धा दिवस केबल ओढण्यात आणि उंदरांनी कुरतडलेली कोणती ते शोधण्यात जातो.

ज्या शॉपबद्दल सांगतोय तिथं सगळे मालकांना दादा म्हणतात, तेव्हा मीही दादाच म्हणतो. गाडीचे पार्ट, म्हणजे हब, फ्लँज असले टर्निंगचे जॉब, टर्निंग म्हणजे गोल फिरवून कापणं आणि जॉब म्हणजे मशीनवर निघणारा एकेक नग. यांचा माल जातो एका मोठ्या सप्लायरकडे आणि तिथून असेंब्ली होऊन गाडीच्या कंपनीकडे, म्हणजे दादा तिसऱ्या पायरीवर. पुण्याच्या आसपास असली शॉप किती असतील ते मोजत बसू नका, भोसरी-चाकण-रांजणगाव कुठल्याही गल्लीत शिरा. दादा केंद्र सरकारच्या समर्थ उद्योग योजनेतलं, कारखान्यांना इंडस्ट्री ४.० दाखवणारं पुण्यातलं सीफोरआयफोर सेंटर बघून आले होते, तिथला डेमो त्यांना आवडला, पण "तिथं सगळी मशीन नवी होती रे, माझ्याकडं बघ" म्हणाले.

बघितलं. दोन नवी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), तीन-चार बऱ्यापैकी टर्निंग सेंटर, बाकी २००३-०४ च्या आसपासची, ज्यांच्या कंट्रोलरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, प्रोग्राम टाकायला आरएस२३२ हा जुना सिरीयल पोर्ट सोडून काही नाही. आणि गंमत म्हणजे ज्या मशीनला इथरनेट पोर्ट आहे त्यातल्या एकावर डेटा बाहेर काढायचं ऑप्शनच बंद, ते उघडायचं तर कंट्रोलरवाल्या कंपनीला वेगळे पैसे मोजा. म्हणजे मशीन दादांचं, वीज दादांची, माणूस दादांचा, आणि मशीननं किती जॉब काढले हे मशीनला विचारायचं तर त्याचं बिल वेगळं. देशातल्या बहुतेक सीएनसीवर कंट्रोलर जपानी नाहीतर जर्मन, त्यामुळे हे रडगाणं एकट्या दादांचं नाही.

आम्ही जुगाड केला, पण नीट जुगाड. जुन्या मशीनच्या टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्याचा २४ व्होल्टचा सिग्नल दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणाऱ्या ऑप्टो आयसोलेटरमधून घेतला, सायकल (एक जॉब कापायचा मशीनचा एक फेरा) स्टार्टच्या रिलेवरनं एक घेतला, स्पिंडल मोटरच्या केबलला करंट मोजणारी सीटी अडकवली. एनर्जी मीटर मॉडबसवर. मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ चा, माझ्यापेक्षा म्हातारा, अजून ठणठणीत चालतो, फक्त त्यात पासवर्ड नावाचा प्रकार नाही, तारेवर जो बोलेल त्याचं तो ऐकतो. म्हणून तो गेटवेच्या, म्हणजे मशीनचा डेटा गोळा करून पुढं पाठवणाऱ्या डब्याच्या, अलीकडंच ठेवायचा, तिथून पुढं एमक्यूटीटी हा मेसेज पाठवायचा प्रोटोकॉल, आणि सर्व्हर दादांच्या केबिनमधल्याच कपाटात. नेट गेलं तरी डेटा जाता कामा नये म्हणून गेटवेतच साठवण, कारण पावसाळ्यात भोसरीतलं ब्रॉडबँड आणि आपण, असो.

त्याच दिवशी एका एसपीएमचं (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनचं) पॅनेल उघडलं तर आत कोपऱ्यात एक राउटर, लाईट लुकलुकतेय, आत सिमकार्ड. दादांना विचारलं, त्यांना पत्ताच नाही. मशीन ज्यांनी बनवलं त्यांनी सर्व्हिसिंगला सोपं पडावं म्हणून बसवून दिलेला, लॉगिन केलं तर पासवर्ड फॅक्टरीतनं येतो तोच. म्हणजे बाहेरून कुणीही मशीन चालवणाऱ्या त्या पीएलसीपर्यंत येऊ शकत होतं आणि एवढी वर्षं कुणी आलं नाही हे नशीब. जून २०१७ मध्ये नोटपेट्या व्हायरसनं न्हावाशेवा बंदराचं, म्हणजे जेएनपीटीचं, एक टर्मिनल बंद पडलं होतं, हल्ला युक्रेनमध्ये सुरू झालेला आणि कंटेनर अडकले आपल्या जेएनपीटीत, हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "सिमचं बिल कोण भरतंय मग?" राउटर काढला. आता सर्व्हिसवाल्याला पाहिजे तेव्हा फोन करून, दादांनी चालू करून दिल्यावरच, आमच्या व्हीपीएनमधून आत येता येतं.

कंप्रेसरचं थोडक्यात सांगतो कारण हे सगळीकडं सारखंच निघतं. शॉप बंद, एकही मशीन हवा खात नाही, आणि आमचा मीटर दाखवतोय की कंप्रेसर मधनंमधनं लोड घेतोय. म्हणजे लाईनला गळती. आणि स्क्रू कंप्रेसर अनलोडवर असला तरी फुल लोडच्या पाव-तिसरा हिस्सा वीज खातोच. साबणाचं पाणी लावून बघितलं तर एअर गनचे कपलिंग, एका एफआरएलचा (हवा गाळायच्या युनिटचा) बाऊल, दोन टी जॉइंट. किरकोळ सामान. आमच्या सिस्टीमचा खर्च निघायला इथूनच सुरुवात झाली, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच छोट्या शॉपला पहिलं वर्ष फक्त वीज बघितली तरी चालेल, एआय वगैरे नंतर.

आता सात नंबरच्या मशीनचं. डेटा यायला लागल्यावर स्क्रीनवर दिसायला लागलं की चार आणि सात नंबरला सेम हब चालतो, सायकल दोन्हीची सारखी, पण सात नंबरला दोन सायकलींच्या मध्ये जास्त वेळ जातोय. जॉब काढायला-लावायला वीसेक सेकंद ठीक, इथं कधी चाळीस, कधी पन्नास, सेकंड शिफ्टला तर मिनिटभर. दादांचं लगेच ठरलं, "मोबाईल बघत असणार." सात नंबरवर जे मामा आहेत ते दादांच्या वडिलांच्या वेळेपासनंचे, त्यांना हे कळलं तसे ते माझ्यावरच भडकले, "कॅमेरा लावायचाच राहिलाय आता तुमचा." टॅबवर मशीन का थांबलं ते निवडायला बटणं दिलेली, टूल बदल, मटेरियल नाही, इन्स्पेक्शन, इतर. सगळे ऑपरेटर सगळ्या वेळी 'इतर' दाबत होते, आणि मी त्यांना दोष देत नाही, आपल्याच विरुद्ध पुरावा कोण भरेल.

म्हणून मी सेकंड शिफ्टला नुसता स्टूल टाकून सात नंबरशेजारी बसलो. तर प्रकार असा की हबचा बोअर, म्हणजे मधलं भोक, शंभर टक्के चेक करायचा, टॉलरन्स (मापातली सूट) टाईट, तो चेक होतो एअर गेजवर, म्हणजे हवेच्या दाबानं माप घेणाऱ्या उपकरणावर, आणि एअर गेजचं युनिट शॉपमध्ये एकच, ते चार नंबरच्या टेबलावर. मामा जॉब काढतात, पुसतात, चालत चार नंबरला जातात, तिथला पोरगा त्याचा जॉब चेक करत असेल तर थांबतात, मग स्वतःचा चेक करतात, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) द्यायचा का बघतात आणि मगच पुढची सायकल चालू करतात. कारण बघितल्याशिवाय पुढचा जॉब कापला आणि बोअर मोठा झाला तर तो स्क्रॅप. म्हणजे ते बरोबरच करत होते, उलट चारवरचा पोरगा आधी सायकल मारायचा आणि मग चेक करायचा, त्याचा आकडा स्क्रीनवर झकास दिसत होता. सेकंड शिफ्टला जास्त वेळ का, तर तेव्हा तिसऱ्या मशीनचे जॉबपण त्याच गेजवर यायचे. मामांनी मला गेजचा डिस्प्ले दाखवला, कॉलम हिरव्यात आला की त्यांनी अंगठ्यानं बोअरच्या तोंडाशी फिरवून बर (कापल्यावर राहिलेली धार) बघितली, मग ट्रेमध्ये ठेवला. "हे तुमच्यात येतं का?" म्हणाले. नाही येत.

दुसरं एअर गेज घेतलं. दादा मामांशी काय बोलले मला माहीत नाही, पण नंतर मामांनी स्वतःच मला सांगितलं की 'इतर'च्या ऐवजी 'गेज मोकळं नाही' असं बटण टाका. टाकलं, आणि त्यानंतर बाकीचेही खरं भरायला लागले.

खरा प्रसंग पुढं. गिऱ्हाईक कंपनीची माणसं ऑडिटला आली, एक क्वालिटीचे साहेब आणि एक पर्चेसचे. दादांनी हौसेनं मोठा टीव्ही लावून डॅशबोर्ड दाखवला, मीही तिथंच. क्वालिटीवाले खूष, ट्रेसेबिलिटी बघितली, कुठला हब कुठल्या मशीनवर किती वाजता निघाला सगळं दिसतंय, म्हणाले आमच्या क्लाउडला जोडून द्या, आम्ही सगळ्या सप्लायरना हेच सांगतोय. पर्चेसवाले साहेब काही बोलत नव्हते, मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसले होते. मग शांतपणे म्हणाले, "कॉस्टिंगला तुम्ही सायकल दीडशे सेकंद दिलीय ना? इथं एकशे अठरा दिसतेय."

झालं. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबचा रेट निघतो मशीन अवर रेट (मशीनचा तासाचा दर) गुणिले सायकल टाईम, वर टूलिंग, नफा वगैरे. बत्तीस सेकंदांचा फरक, ताशी साडेचारशे रुपये धरले तर जॉबमागं चार रुपये, महिन्याला अठरा हजार जॉब, म्हणजे ७२ हजार रुपये. आणि ते बत्तीस सेकंद आकाशातनं पडले नव्हते, दादांनी स्वतःच्या पैशानं नवीन इन्सर्ट (कापायची पाती) ट्राय केले, जॉब धरणाऱ्या चकचे जॉ बदलले, प्रोग्राममधले दोन पास एक केले, त्यातनं आलेले. दरवर्षी कॉस्ट डाऊन, म्हणजे रेट कमी करून, तर ते देतातच. आता लाईव्ह डेटा जोडून देणं म्हणजे मार्केटयार्डाची पावती गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मग भाजीचा भाव सांगायला बसणं.

दादा हसले आणि म्हणाले, साहेब चहा घ्या, सायकल टाईम टूलच्या लाईफवर बदलतो, आपण नंतर बोलू. ते गेल्यावर मात्र टीव्ही बंद करून मला म्हणाले, "हे तू मला आधी का नाही बोललास?" खरंतर सर्व्हर शॉपमध्येच राहील हे मी आधीच कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं, पण टीव्ही लावायची हौस त्यांचीच, तो वाद आम्ही घातला नाही.

त्या रात्री घरी येऊन मी कायदा धुंडाळला, म्हटलं मशीनचा डेटा कुणाचा हे कुठंतरी लिहिलेलं असेल. आपला २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा माणसाच्या वैयक्तिक माहितीसाठी आहे, सात नंबरची सायकल त्यात बसत नाही. युरोपात मात्र डेटा ॲक्ट आहे, १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात मशीन वापरणाऱ्याला त्या मशीननं तयार केलेला डेटा मिळण्याचा हक्क आहे, बंद ऑप्शनचं बिल बघितल्यावर तर तो मला फारच आवडला. इथं भोसरीत सगळा मामला करारावर, आणि करार कोण लिहितो, तर मोठा. आपल्याकडं या विषयावर बोलणारे सगळे प्लॅटफॉर्म कुठला, सेन्सर कुठला यावर बोलतात. २०१५ ला पंतप्रधानांनी चाकणला जीईच्या कारखान्याचं उद्घाटन केलं तेव्हापासून स्मार्ट फॅक्टरी हा शब्द आम्ही ऐकतोय, पुढं त्या कंपनीचा स्वतःचा इंडस्ट्रियल इंटरनेटचा प्लॅटफॉर्म काही गाजावाजा झाला तसा चालला नाही. सेन्सर आज कुणीही लावेल हो. छोट्या कारखान्याचा डेटा वर कुणाकडं आणि कशाच्या बदल्यात जातोय, यावर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते छोट्यांचं भलं होणार की उरलंसुरलं मार्जिनही जाणार ते तिथंच ठरतं.

आम्ही मग दोन वाटा केल्या. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या टॉपिकवर (एमक्यूटीटीतल्या वेगळ्या वाटेवर) फक्त निघालेले जॉब, बॅच नंबर, गेजचं रीडिंग आणि जॉबमागं वीज किती, कारण एक्स्पोर्टवाल्यांना हल्ली कार्बनचे आकडे लागतात. सायकल टाईम, स्टॉपेज, स्पिंडल लोड हे सगळं दादांच्या कपाटातच. नुसते मोजून झालेले जॉब दर मिनिटाला पाठवले तरी सायकल काढता येते, म्हणून तो आकडा शिफ्ट संपल्यावर एकदाच जातो, हे मामांनी सुचवलेलं, मी नाही. ऑपरेटरचं नाव तर कुठंच जात नाही.

क्वालिटीवाल्यांनी ते मान्य केलं. पर्चेसवाल्यांनी नवीन पार्टच्या एन्क्वायरीत मात्र अट घातली, लाईव्ह सायकल डेटाचा ॲक्सेस पाहिजे. दादांनी कोटेशन पाठवलं आणि त्यात शेवटची ओळ टाकली, सायकल डेटा ॲक्सेस, दरमहा अमुक रुपये अधिक जीएसटी. दुसऱ्या दिवशी फोन, हे काय लावलंय तुम्ही. दादा स्पीकरवर बोलत होते म्हणून मला ऐकू आलं, "साहेब, फुकट पाहिजे तर फुकट देतो, तुमच्या असेंब्ली लाईनचं शेड्यूल मला लाईव्ह द्या. शुक्रवारी संध्याकाळी प्लॅन बदलता आणि माझं कापलेलं मटेरियल महिनाभर रॅकवर पडतं."

पलीकडून वरिष्ठांशी बोलून सांगतो म्हणाले. रेट अजून तरी जुनाच आहे, शेड्यूल अजूनही एक्सेलमध्ये मेलवर येतं, आणि हल्ली ते शुक्रवारच्या ऐवजी बुधवारी येतं.