कार्बन धुतल्यावर छिद्रं खरंच वाढतात का?

सक्रिय कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला कोळसा, करायला करवंटीच्या कोळशाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड देऊन भट्टीतून काढला, की हाती येतो तो अर्धवट माल. त्याची छिद्रं पोटॅशियम कार्बोनेट आणि इतर क्षारांनी भरलेली असतात. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की कार्बोनेट फसफसतं. फेस बसेपर्यंत मी आम्ल हळूहळूच ओतायचे, नाहीतर बारीक भुकटी बीकरबाहेर येते.

खरा वेळ खाल्ला तो नंतरच्या पाण्याने. गरम डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, गाळायचं, परत धुवायचं. पीएच सातच्या जवळ आला म्हणून मी थांबत नसे. गाळून आलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकायचे. पांढुरकी झाक दिसली की क्लोराइड अजून आत आहे, पुन्हा फिल्टरवर. पाणी नितळ राहिलं की मगच ११० अंशाच्या ओव्हनमध्ये.

धुतलेल्या नमुन्याचं क्षेत्रफळ, म्हणजे छिद्रांच्या आतल्या भिंती धरून एकूण पृष्ठभाग, वाढलेलं दिसलं. नायट्रोजन अधिशोषणाची (पृष्ठभागावर किती नायट्रोजन चिकटतो याची) मोजणी उणे १९६ अंशाला होते आणि आकडा ग्रॅममागे चौरस मीटरमध्ये येतो. मेख त्या 'ग्रॅममागे'त आहे. समजा, कार्बनमध्ये १० टक्के राख, म्हणजे न जळणारा खनिज भाग, आहे आणि क्षेत्रफळ ९०० आलं. राख पूर्ण निघाली तर तेच ९०० आता ०.९ ग्रॅमवर आहे, म्हणजे आकडा १००० होतो. एकही नवं छिद्र न उघडता! म्हणून मी प्रत्येक नमुना हवेत जाळून राखेचं प्रमाण काढलं आणि क्षेत्रफळ निव्वळ कार्बनवर मोजलं. तरीही जी वाढ उरली, तीच मोकळ्या झालेल्या छिद्रांची.

भाताच्या तुसाचा कार्बन मात्र हायड्रोक्लोरिकला दाद देत नाही, कारण त्याची राख बहुतेक सिलिका असते. ती काढायला गरम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. हायड्रोफ्लोरिक आम्लानेही निघते, पण ते इतकं घातक आहे की खास सोयीशिवाय हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

नायट्रिक आम्लाचा मामला वेगळाच. ते राख विरघळवतं, शिवाय कार्बनचं ऑक्सिडीकरण करतं. फ्यूम हूडमध्ये तांबूस वाफा निघतात आणि पृष्ठभागावर कार्बोक्झिल (ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी) गट बसतात. शिसं, तांबं यांचे आयन धरायला हे गट फार उपयोगी, पण माझ्या नमुन्यांचं क्षेत्रफळ घटलं. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांच्या तोंडाशी हे गट अडसर होतात, किंवा छिद्रांमधल्या पातळ भिंतीच ढासळतात.

यातलं कोणतं घडलं? थोडा नमुना नायट्रोजनमध्ये तापवून पाहिला. उष्णतेने कार्बोक्झिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. गार, विरल आम्लात ठेवलेल्या नमुन्याचं क्षेत्रफळ बरंचसं परत आलं, म्हणजे तिथे वाट फक्त अडली होती. उकळत्या, तीव्र आम्लातला नमुना सुधारला नाही. तेव्हापासून असे नमुने मोजणीआधी निर्वातात तापवताना मी तापमान मुद्दाम कमी ठेवते, नाहीतर जे गट मोजायचे तेच तयारीत उडून जातात.