पुस्तकातली रेषा आणि पुस्तकातला वॉश : पेन, शाई व जलरंगाच्या अभ्यासाची नोंद

पेनने रेखाटन करून त्यावर जलरंगाचे पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचे सलग थर, देण्याचा अभ्यास मी कोणत्याही वर्गाला न जाता, केवळ चित्रकला शिकवणाऱ्या पुस्तकांच्या आधाराने करीत आहे. मागच्या काही महिन्यांत तो जिथपर्यंत आला, त्याची ही नोंद आहे. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली: पेन-शाईचा भाग शिकताना पुस्तकातल्या चित्रांवर विसंबावे आणि जलरंगाचा भाग शिकताना पुस्तकातल्या मजकुरावर. याचे कारण छपाईत आहे. शाईची रेषा पुस्तकात छापली जाते तेव्हाही ती पांढऱ्या कागदावरची काळी रेषाच राहते. तिची सुरुवात, तिचे निमुळते होत गेलेले टोक आणि दोन रेषांमधले अंतर हे सर्व भिंगाखाली धरून तपासता येते. जलरंगाचा वॉश मात्र छपाईत चार शाईंच्या बारीक ठिपक्यांत विरघळून जातो. कडेला साचलेला रंग किंवा कागदाच्या खळग्यांत बसलेले रंगकण पाहण्यासाठी भिंग लावले, तर हाती लागते ती ठिपक्यांची जाळी.

रेषेच्या अभ्यासाची सुरुवात मी इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनच्या १८५७ सालच्या ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’मधल्या पहिल्या पाठाने केली. त्यात कोणतीही वस्तू काढायची नसते. एक चौकोन आखून तो बारीक निबच्या रेषांनी इतका एकसारखा भरायचा असतो, की तो राखाडी कापडाच्या तुकड्यासारखा दिसावा. हा पाठ वाचायला कोरडा वाटतो, परंतु पेन-शाईतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात आहे. पेन्सिलीने दाब वाढवून छटा गडद करता येते. शाई मात्र एकतर काळी असते किंवा नसते, त्यामुळे राखाडी छटा सगळी रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेतूनच निर्माण करावी लागते. हे हाताला उमगल्यावर लक्ष रेषेवरून मधल्या फटींवर जाते आणि फटी सारख्या राखल्या की रेषा आपोआप शिस्तीत येतात.

त्यानंतर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात पायऱ्यांची छटापट्टी तीन तऱ्हांनी केली: नुसत्या समांतर रेषांची, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची आणि ठिपक्यांची. ठिपक्यांची पट्टी सर्वांत सोपी आणि सर्वांत वेळखाऊ आहे. तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. छेदणाऱ्या रेषांबाबत मात्र पुस्तकांतल्या चित्रांनी बरेच शिकवले. रेषांचा दुसरा थर पहिल्यावर काटकोनात दिला तर चौकड्यांची जाळी तयार होते आणि नजर छटेऐवजी जाळीवरच खिळते. तोच थर लहान कोनात, साधारण तीस अंशांच्या आसपास दिला तर लांबट चौकटी तयार होतात, त्यांना एक दिशा असते आणि त्यामुळे पृष्ठभागाचा कल दाखवता येतो. पहिला थर पुरता वाळू देणे येथे अत्यावश्यक आहे. नाहीतर प्रत्येक छेदावर शाईचा बारीक गोळा धरतो आणि छटेत ठिपके उमटतात.

चित्रांवरून नक्कल करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. छपाईसाठी केलेली जुनी पेन-चित्रे बहुधा मोठ्या आकारात काढली जात आणि ठसा तयार करताना लहान केली जात. त्यामुळे पुस्तकात बोटाच्या पेराएवढ्या जागेत दिसणारे रेषांचे विणकाम त्याच मापात उतरवायला गेले, तर निब कितीही बारीक असला तरी मधल्या फटी बुजतात. चित्राखाली मूळ माप दिलेले असेल तर नक्कल त्याच मापात करावी, आणि दिलेले नसेल तर दीडपट किंवा दुप्पट आकार धरून पाहावे. मी झाडाच्या सालीचा एक नमुना दीडपटीने काढला, तेव्हा त्यातली लय प्रथमच हाताला जाणवली: सालीच्या प्रत्येक भेगेशी रेषा थांबतात, भेगेच्या उजेडाकडच्या काठावर कोरा कागद राहतो आणि पलीकडून त्याच दिशेने रेषा पुन्हा सुरू होतात. भेग स्वतंत्र काढलेलीच नाही. रेषांच्या थांबण्यातून ती दिसते.

साधनांविषयी थोडक्यात लिहितो. टाकाच्या निबला कारखान्यातून येताना तेलाचा पातळ लेप असतो, म्हणून पहिल्या वापरापूर्वी तो साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावा, एरवी शाई निबवर पसरण्याऐवजी थेंबाथेंबाने गोळा होते. टोकदार निब आपल्याकडे ओढताना दाबाने फाकतो आणि रेषा जाड करतो, पण पुढे ढकलताना कागदाचे तंतू पकडतो; त्यामुळे हात वळवण्यापेक्षा कागद फिरवणे हिताचे ठरते. तयार पेनांत सकुराच्या मायक्रॉनवरचा ०१ हा आकडा मिलिमीटरचा नसून त्या पेनची रेषा ०.२५ मिलिमीटरची आहे, आणि ०५ ची ०.४५ मिलिमीटरची, हे पुस्तकातल्या नमुन्यांशी जाडी जुळवताना ध्यानात ठेवावे. लाखेचा अंश असलेली इंडिया इंक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, परंतु ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, कारण ती आतल्या नळ्यांत घट्ट बसते.

शाई पाण्यात टिकते की नाही, याची परीक्षा बाटलीवरच्या शब्दावर न सोडता प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच घ्यावी. मी एका पट्टीवर थोड्या थोड्या वेळाने रेषा ओढतो: एक कालची, एक तासापूर्वीची, एक दहा मिनिटांपूर्वीची आणि एक आत्ताची. मग त्या सर्वांवरून ओला ब्रश एकदाच फिरवतो. कोणती शाई कोणत्या कागदावर किती वेळात पक्की होते, ते तेवढ्यावरून कळते. गुळगुळीत हॉट प्रेस्ड कागदावर शाई वर राहते आणि उशिरा वाळते. निबला मात्र तोच कागद मानवतो. खडबडीत कोल्ड प्रेस्ड कागदावर रेषा तुटक येते, पण वॉश सुंदर बसतो. दोन्ही गोष्टी एकाच कागदाकडून मागायच्या असल्याने मी सध्या ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या), कमी खडबडीत कोल्ड प्रेस्ड कागदावर स्थिरावलो आहे. पेन्सिलीची प्राथमिक रेखा अगदी हलकी ठेवावी, कारण जोरात खोडरबर फिरवल्यास कागदावरचा सरसाचा लेप दुखावतो आणि नेमक्या त्याच जागी वॉश डागाळतो.

आता मजकुराचा भाग. सपाट वॉशचे छापील चित्र पाहून काही म्हणता काही शिकता येत नाही. एकसारख्या रंगाचा आयत तेवढा दिसतो. पण ज्या पुस्तकात पाण्याचे वर्णन नीट केले आहे, त्याची दोन पाने वाचून हाताला वळण लागते. फळी वरच्या बाजूने किंचित उचलून ठेवायची, हवा त्याहून जास्त रंग आधीच कालवून घ्यायचा, आणि भरलेला ब्रश वरच्या कडेने एकदाच आडवा न्यायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाची एक फुगीर ओळ साचते. पुढचा पट्टा त्या ओळीला जेमतेम स्पर्श करून ओढला, की ती ओळ खाली सरकते आणि मागे सलग रंग सोडून जाते. वॉश म्हणजे खरे तर ही ओळ तुटू न देता तळापर्यंत नेणे. शेवटी तळाशी उरलेले पाणी निथळलेल्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावे लागते. ते तसेच राहिले तर वरचा भाग वाळत असताना उलटे वर चढते आणि दातेरी कडेचा डाग पाडते.

हा दातेरी डाग, ज्याला बॅकरन म्हणतात, त्यामागचे कारण समजले की अर्धा जलरंग समजला, असे माझे मत आहे. वाळत आलेल्या ओलसर भागात त्याहून अधिक ओले काही लागले, की ते पाणी कमी ओल्या बाजूकडे पसरते, अजून सैल असलेले रंगकण पुढे ढकलते आणि जिथे त्याची धाव थांबते तिथे त्यांची रांग लावते. त्यामुळे प्रश्न नेहमी दोन ओलाव्यांच्या तुलनेचा असतो: ब्रशमध्ये पाणी जास्त की कागदावर? कागदाचा ओलावा त्याच्या चकाकीवरून कळतो. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तोवर त्यात दुसरा रंग सोडता येतो; चमक जाऊन कागद मंद दिसू लागला, की दाट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश चालतो, पण पाणीदार ब्रश चालत नाही; आणि कागद हाताच्या मागच्या बाजूला गार लागत असेल तर तो अजून वाळलेला नाही. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो मनातल्या छटेहून थोडा गडद दिसायला हवा, हीदेखील चित्रावरून न कळणारी गोष्ट आहे.

रंगांची संख्या मी मुद्दाम कमी ठेवली आहे. अल्ट्रामरीन ब्लू आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सायना या दोहोंच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंतच्या छटा मिळतात आणि काळ्या रेषेशेजारी त्या कधी विजोड दिसत नाहीत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि वाळल्यावर दाणेदार पोत दिसतो. थॅलो ब्लू त्याउलट कागदाला धरून बसतो आणि नंतर ओल्या ब्रशने उचलला जात नाही. पुस्तकातल्या छपाईत हे दोन्ही निळे सारख्याच जातीचे वाटतात.

रेषा आणि वॉश एकत्र आणताना सध्या माझे लक्ष कामाच्या वाटणीवर आहे. यासाठी मी पालथी ठेवलेली मातीची कुंडी हा एकच विषय निरनिराळ्या तऱ्हांनी काढत आहे. एका तऱ्हेत गोलाईला अनुसरून वळणाऱ्या रेषांनी सगळी छाया आधी पूर्ण केली आणि वर बर्न्ट सायनाचा एकच सपाट वॉश दिला. दुसऱ्या तऱ्हेत अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकारांची रीत धरली: राखाडी वॉशने छाया, ती वाळल्यावर वस्तूच्या मूळ रंगाचे पातळ थर, आणि पेन केवळ बाह्यरेषेपुरते. टॉमस रोलंडसनच्या रंगवलेल्या रेखाटनांत पेन आणि रंग यांची ही तडजोड फार मोकळेपणाने दिसते. माझ्या कुंडीच्या बाबतीत दुसरी तऱ्हा निश्चितपणे सरस ठरली. पहिलीत रेषाही छाया सांगत होती आणि रंगही तेच सांगत होता, त्यामुळे काळोखी बाजू जड झाली. दुसरीत काठाखालची सावली वॉशने सांगितली आणि काठाचा टवका उडालेला कंगोरा रेषेने. उजेडाच्या बाजूला तर बाह्यरेषा काही अंतर तुटू दिली आणि रंग तिच्या थोडा अलीकडेच थांबवला, तरी कुंडीचा आकार ढळला नाही.

यापुढचा टप्पा बोरूचा, म्हणजे पोकळ काडी तासून केलेल्या लेखणीचा आहे. रेम्ब्रांटने उत्तरायुष्यात आणि व्हॅन गॉगने १८८८ साली आर्लमध्ये बोरूने केलेली रेखाटने अनेक पुस्तकांत चांगली छापलेली आहेत आणि ती रेषांची असल्याने चित्रांवरूनच अभ्यासता येतील. बोरूत शाई फार काळ टिकत नाही, त्यामुळे प्रत्येक फटकारा दाट सुरू होऊन कोरडा होत संपतो. त्या कोरड्या टोकांवर वॉश दिल्यास ती मधल्या छटेचे काम करतात का, हे प्रथम त्याच कुंडीवर, केवळ अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायनाच्या राखाडीने तपासणार आहे.