सिंहगडाची वही : तिसरा महिना आणि खोडलेले मथळे

तीन महिन्यांपूर्वी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे अव्वल साधनं, म्हणजे घटनेच्या काळातले पुरावे; उजवीकडे दुय्यम, म्हणजे नंतर लिहिलेले. विषय एकच : ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी मालुसरे आणि कोंढाणा. आठवड्याभरात उरकेल असं वाटलं होतं. कसलं काय!

उजवा रकाना पटकन भरला. घोरपडीची कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढतात, घोरपड नाहीच. शाळेपासून मनात बसलेल्या यशवंती घोरपडीला उजवीकडे सरकवताना जिवावर आलं.

खरा अडलो तो सभासदापाशी. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा माणूस, म्हणून त्याची बखर बेधडक डावीकडे टाकली होती. पण ती लिहिली १६९७ साली, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. घटनेला २७ वर्षं उलटल्यावर. शिवाय त्यात ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. सिंह कुठेच नाही.

तानाजींमुळे गडाला सिंहगड नाव पडलं, ही समजूत तर एका पत्राने मोडीत निघते (शब्द मुद्दाम वापरलाय, पत्र मोडी लिपीतलं आहे). एप्रिल १६६३ मध्ये महाराज मोरोपंत आणि निळोपंतांना कळवतात की सिंहगडावर फितवा झालाय, तिकडे जा. तानाजी पडायच्या जवळजवळ सात वर्षं आधी! पत्रात गडाच्या नावाची कथा सांगायची कुणाला फुरसत नव्हती, घाई फितव्याची होती. नाव ओघात आलंय, म्हणूनच त्यावर माझा जास्त भरवसा.

मग बखर उजवीकडे न्यायची? नेली, आणि पुन्हा अडलो. मोगलांच्या वेढ्यातल्या जिंजीत थोरल्या महाराजांना लोक कसं आठवत होते, हे शोधायचं तर तीच बखर अव्वल. शेवटी दोन्ही मथळे खोडले आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणत्या प्रश्नासाठी?’ असं लिहायला लागलो. वही गिचमिड झालीय, पण भांडण मिटलं.

एक बोच राहिलीच. ते पत्र मी छापील देवनागरीत वाचलंय. मोडीत शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हे माझ्याआधी कुणीतरी ठरवलेलं. म्हणून रोज अर्धा तास मोडीचा सराव चालू आहे. सध्या एका पानाला दोन संध्याकाळी लागतात, त्यातली एक फक्त शिरोरेषेखाली लपलेली अक्षरं ओळखण्यात जाते.